सुनिल्दाचं तिसरं कडवं

माझं नाव सुनिल्दा. सान बेर्नाबे गावात या नावाच्या बायका पायलीच्या पन्नास. ते गाणं रेडिओवर आलं आणि पुढची कित्येक वर्षं पाद्र्याने बाप्तिस्म्याचं पाणी ओतलं ते सुनिल्दांवरच. माझी आई तर त्या गाण्यावर अशी फिदा की मी मुलगा झाले असते तरी तिने तेच नाव ठेवलं असतं.

भिंतीला भिंत लागून राहणारी दियोसेलिना माएस्त्रे मात्र मला कधी नावाने हाक मारायची नाही. मी कपडे शिवते म्हणून ती आधी 'शिंपिणी' म्हणायची. माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता म्हणून उभी राहिली, तेव्हापासून रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणू लागलो. पण सुनिल्दा? ते नाही. मला वाटायचं, डोंगरातली बाई, तिची तऱ्हा असेल.

सेलिना – सगळे तिला सेलिनाच म्हणायचे – चीज घातलेले मक्याचे पाव भाजून विकायची. अंगणात मातीची भट्टी, भट्टीशेजारी आंब्याचं झाड, झाडाला बांधलेली गाढवी. बाई काटक, बोलायला तिखट, आणि हिशेबाला एक गोष्ट पक्की: जिने तिचं वाईट केलं तिला ती विसरायची नाही. तिच्या कोंबडीला दगड मारणाऱ्या एका बाईला तिने पुढे कायम करपलेल्या बाजूचा पाव दिला. ती बाई दुसऱ्या गावी राहायला गेली तेव्हा सेलिनाने जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती तिच्यासाठी एक करपलेला पाव पाठवला. संत आंतोनियोची मूर्ती बायका नवरा मिळावा म्हणून उलटी टांगतात. सेलिनाच्या घरी तो संत बारा महिने उलटा. मी एकदा विचारलं, "कोमाद्रे, या वयात नवरा?"

"नवरा नगं. दुसरं मागितलंय. देत न्हाई तवर ऱ्हाऊ दे लोंबकळत."

गाढवीचंही एक होतं. कपाळावर पांढरी चांदणी, डावा कान मुडपलेला. नदीकाठून भट्टीची लाकडं वाहायचं तिचं काम. पण गावात कुठेही, कुणाच्याही दारातल्या लाउडस्पीकरवर ते 'सुनिल्दा' गाणं लागलं की सेलिना हातातलं काम टाकायची, भट्टीत पाव करपत असले तरी टाकायची, आणि गुळाचा खडा घेऊन गाढवीकडे धावायची. गाण्यात 'ओइपाऽ' अशी आरोळी येते. नेमकी ती आली की खडा गाढवीच्या ओठांत. आरोळी आली, गूळ. आरोळी आली, गूळ. ही गाढवी लहान शिंगरू होती तेव्हापासून, आणि हिच्या आधी हिच्या आईला, त्याआधी आजीलाही असंच.

मी खुळी गावभर सांगत फिरायचे, "आमच्या सेलिनाला ते गाणं इतकं आवडतं की गाढवीचंसुद्धा तोंड गोड करते."

आरिस्तार्को ओवायेचा फोटो छापलेली जत्रेची पत्रकं ती दरवर्षी गोळा करायची आणि त्यांनीच भट्टी पेटवायची. मला वाटायचं, बरा कागद असतो.

ओवाये म्हणजे ते गाणं गाऊन मोठा झालेला माणूस. पांढरी टोपी, सोन्याचा दात, आवाज असा की बंद दार उघडावं. गावोगावच्या मुलाखतींत तो सांगायचा की सुनिल्दा हे नाव मी माझ्या बायकोला, बेतुलियाला, एकांतात दिलंय. तिच्यासाठीच हे गाणं रचलं. त्यामुळे बेतुलियाबाईंना सगळा मुलूख 'सुनिल्दाबाई' म्हणायचा. वायेदुपार शहरात त्यांचं केस कापायचं दुकान होतं, त्याचंही नाव 'सुनिल्दा'.

तर त्या साली नगरपालिकेने ठरवलं की सान बेर्नाबेची जत्रा आरिस्तार्को ओवायेच्या सन्मानार्थ करायची आणि चौकात सुनिल्दाचा पुतळा बसवायचा. भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीतून ओरडत गेली. ती आमच्या दारावरून पुढे सरकली नाही तोच सेलिना कापडाचा तागा घेऊन माझ्या दुकानात.

"कोमाद्रे, मला येक झगा शिवून दे."

कापड लालभडक. "कुणाचं लग्न?"

"मयत हाय."

"लाल झगा घालून मयताला?"

"ज्याचं मयत हाय त्यो अजून जित्ता हाय. म्हनून लाल."

मी टेप तिच्या कमरेला लावली तशी ती बोलायला लागली. माप घेऊन झालं तरी बोलतच राहिली. मी मशीन बंद केलं.

तिचा बाप प्लिनियो माएस्त्रे. सिएराच्या डोंगररांगेत इकाको नावाची वाडी होती, तिथला पाणक्या. गाढवीच्या दोन बाजूंना दोन पिंपं, खालच्या नदीतून पाणी भरायचं आणि वर घरोघर ओतायचं. वाटभर तो गाढवीशी बोलायचा. आज कोण भांडलं, कुणाची बकरी मेली, कुणी पाण्याला नावं ठेवली. सेलिनाची आई शेवटी वैतागून म्हणाली होती, "बायकोशी बोलत न्हाईस येवढं त्या जनावराशी बोलतूस. निदान तिला बाईमान्साचं नाव तरी ठिव, म्हंजे चारचौघींत सांगताना मला लाज वाटायची न्हाई." प्लिनियोने ठेवलं. सुनिल्दा.

टेप माझ्या हातातून खाली पडली.

"म्हणजे सुनिल्दा–"

"गाढवी."

"म्हणजे माझं नाव–"

"तुजा काय दोष. तुज्या आयनं रेडिओ ऐकला."

"म्हणून तू मला एवढी वर्षं नावानं हाक मारली नाहीस?"

"मारली असती तर दोघी आल्या असतासा."

मला हसावं की रडावं कळेना. ती पुढे सांगत होती. एका पावसाळ्यात नदी फुगली आणि उतारावरून ती गाढवी वाहून गेली. प्लिनियो आठवडाभर जेवला नाही. मग त्याने गाणं रचलं. मला पाठ असलेली दोन कडवी सेलिनाने गाऊन दाखवली नाहीत, नुसती बोलली. बोलताना ऐकली तशी ती मी पहिल्यांदाच ऐकली:

कपाळी तुझ्या गं चांदणी,
पावलांत खडकांची गाणी,
तू उतरलीस नदीकाठी
नि गोड झालं सारं पाणी.
ओइपाऽ, सुनिल्दा, ओइपाऽ.

तुझ्या कानात सांगितलं मी
आईलाही जे सांगितलं नाही,
माझं ओझं घेतलंस सारं
नि एकदाही विचारलं नाही.
ओइपाऽ, सुनिल्दा, ओइपाऽ.

"ओइपा ही बापाची हाळी," सेलिना म्हणाली. "परत्येक पानक्याची येगळी आस्ती. ही आली की गाढवीनं मागं यायचं."

आमच्याकडे पारांदा बसतो, म्हणजे झाडाखाली बकरं शिजतं, अकॉर्डियन, ढोलकं आणि खरखरी वाजते, आणि माणसं बसून गाणी ऐकतात. ऐकतात, नाचत नाहीत. पारांद्यात जो नाचायला उठतो तो बाहेरचा समजावा. प्रत्येक गाण्यामागे काय घडलं ती कहाणी सांगायची आणि कहाणी संपेपर्यंत जागेवरून हलायचं नाही, हाही कायदा. बहुतेक गाणारे कहाणी आधी सांगतात. प्लिनियोची खोडी अशी की तो ती शेवटाला ठेवायचा. पहिल्या दोन कडव्यांना बायका पदराआड डोळे पुसायच्या. मग तिसरं कडवं, मग कहाणी, आणि शेवटी तो स्वतः मान वर करून गाढवीसारखा रेकायचा. सगळी वाडी पोट धरून हसायची, आणि हसता हसता काहीजण पुन्हा रडायचे.

अशाच एका दुपारच्या पारांद्याला गुरांच्या ट्रकवरचा एक देखणा पोरगा वाट चुकून आला होता. आरिस्तार्को. दोन कडवी झाली आणि खालून ट्रकचा भोंगा वाजला. तो उठला. म्हातारी माणसं म्हणाली, "आरं बस की, अजून शेपूट ऱ्हायलंय."

"शेपूट तुम्हालाच ठेवा," तो हसून म्हणाला आणि उतारावरून धावत गेला.

"शेपूट सोडून समदं घिऊन ग्येला," सेलिना म्हणाली. "दुसऱ्या वर्साला रेडिओवर आलं. दोन कडव्यांचं. 'गीत आनि आवाज आरिस्तार्को ओवाये.' माज्या बापाला वाटलं, पोराची चूक झाली आसंल नाव सांगताना. नवा सदरा घालून त्यो वायेदुपारला ग्येला. मी संगं हुते."

एका मोठ्या घरात मेजवानी चालली होती. झुंबराखाली आरिस्तार्को, भोवती बूट चमकवलेली माणसं. प्लिनियोने टोपी हातात घेऊन सांगितलं, गाणं माझं आहे. आरिस्तार्को घाबरला असेल, पण तोंडावर दाखवलं नाही. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "असं? मग पाणकेदादा, तुमची सुनिल्दा कोण होती ते सांगा. कुठं भेटली? काय नेसायची?"

सगळे हसायला लागले. प्लिनियोचे ओठ हलले. त्या झुंबराखाली, त्या बुटांच्या मध्ये उभं राहून त्याच्याच्याने 'गाढवी' म्हणवलं नाही.

"तोंडातनं सबूद फुटंना त्येच्या. मलाबी फुटंना. मी लहान नव्हते, कोमाद्रे. मला सांगता आलं आसतं. पन बाप माज्याकडं बघून मान हलवत हुता, नगं म्हनून." तिने लाल कापडावर हात फिरवला. "दारापत्तुर हात धरून न्हेलं आनि भायेर सोडलं. येताना वाटंत येकबी सबूद बोलला न्हाई. त्येच्या म्होरं नव्या गाढवीसंगंबी न्हाई."

त्यानंतर प्लिनियो गायला नाही. एकदा कुणाच्या आग्रहाने गायला, तर ऐकणारे म्हणाले, आरिस्तार्कोसारखं नाही जमत तुला. पुढे डोंगरात बंदुका आल्या, इकाको रिकामं झालं, माणसं खालच्या दहा गावांत पांगली, जुनी मेली. प्लिनियो इथं सान बेर्नाबेत वारला. त्याच्या मयताला बँडवाल्यांनी आपल्या परीने मान म्हणून काय वाजवावं, तर तेच गाणं, आणि जाहीर केलं, आरिस्तार्को ओवायेंचं अजरामर गीत. शवपेटी खांद्यावर होती. सेलिनाला तिसरं कडवं गायचं होतं, ते राहून गेलं.

नंतर ती रेडिओ केंद्रावर गेली होती. तिथला निवेदक म्हणाला, "मावशी, आपल्या मुलखात एका गाण्याला दहा बाप असतात."

"तवा म्हनलं, मान्साचं ऐकत न्हाईत न्हवं? मग गाढवीलाच बोलू द्या. म्हनून तिसरी पिढी शिकवतीया. वाट बघत हुते त्यो हितं, माज्या दारात, उघड्यावर गायला कदी येतो त्येची." तिने संत आंतोनियोकडे पाहावं तसं छताकडे पाहिलं. "त्येनं सवाल टाकला हुता. उत्तर द्यायचं ऱ्हायलंय."

मी कात्री उचलली आणि खाली ठेवली. "आणि बेतुलियाबाई? त्यांनी तुझं काय वाकडं केलंय? सगळा मुलूख त्यांना त्या नावानं हाक मारतो."

"माज्या बापानं त्येचं काय क्येलं हुतं?"

"म्हणून त्या बाईला चौकात–"

"शिंपिणी," ती म्हणाली. कोमाद्रे नाही म्हणाली. "सूड काय कापड हाय का, खडूच्या रेघंवरनं कापायला? झगा शिवनार हाईस का दुसरीकडं जाऊ?"

मी शिवला. सांगायला हरकत नाही, मन लावून शिवला. गळ्याला पट्टी लावताना मला त्या झुंबराखालचा म्हातारा दिसत होता. आणि माझ्या नावाचाही थोडा राग होताच.

जत्रेच्या दिवशी दुपार कलली तेव्हा चौकात मुंगीला वाट नव्हती. देवळाच्या भिंतीशी सेलिनाची पावाची गाडी, गाडीला जुंपलेली गाढवी, शेजारी लाल झग्यातली सेलिना आणि मी. येणारेजाणारे थट्टा करत होते. "सेलिना, आज तर नवरीच दिसतेस." "नवरी न्हाई, करवली हाय," ती म्हणाली, आणि पाव देत राहिली.

महापौरांनी भाषण केलं, दोरी ओढली. चादर घसरली. सिमेंटची उंच बाई, कमरेवर घडा, नदीत उतरल्यासारखा एक पाय पुढे. आणि कपाळावर पितळेची चांदणी. गाण्यात आहे ना, म्हणून शिल्पकाराने घातली. लोकांनी टाळ्या पिटल्या. माझी नजर गाढवीच्या कपाळावर गेली. मला हसू आवरेना, मी पावाची टोपली तोंडापुढे धरली.

"अजून न्हाई," सेलिना पुटपुटली. तिने गाडीची दोरी सोडली होती.

आरिस्तार्को मंचावर आला. म्हातारा झाला होता, पण टोपी काढून त्याने बायकोकडे, पहिल्या रांगेतल्या बेतुलियाबाईंकडे हवेत एक मुका टाकला तेव्हा अख्खा चौक विरघळला. बाई जाड, गोऱ्या, पंख्याने वारा घेत होत्या. त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर माझ्या वयाच्या सुनिल्दाच सुनिल्दा.

पहिलं कडवं झालं. आरोळी आली तशी सगळा चौक त्याच्याबरोबर ओरडला, ओइपाऽ. गाढवीने कान टवकारले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि जागेवरच पाय आपटले. हजार तोंडांतून हाक आली, जायचं कुणाकडे? सेलिनाचा चेहरा राखेसारखा झाला. तिने माझा दंड धरला, नखं रुतली. दुसरं कडवं. पुन्हा हजार आवाज. गाढवी गरागरा फिरली आणि उभी राहिली.

"ग्येलं," सेलिना म्हणाली. "समदा गूळ मातीत ग्येला."

पण आरिस्तार्को जातिवंत गाणारा. त्याला कधी थांबायचं ते कळत होतं. त्याने हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं, वाद्यं थांबवली, आणि नुसत्या आवाजात, डोळे मिटून, बायकोकडे हात पसरून लांब आरोळी दिली:

"ओइपाऽऽ, सुनिल्दा."

गाढवी निघाली. घाईने नाही, लाकडं आणायला निघते तशी. माणसं बाजूला झाली, एकाने टोपी सावरली, कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, हिला पण दर्शन हवंय." लाउडस्पीकर चढवायला लावलेल्या फळीवरून ती टपटप मंचावर गेली आणि तिने आरिस्तार्कोच्या कोटाच्या खिशात तोंड घातलं.

तो हसला. पहिल्यांदा हसणारा तोच होता. "पाहा," तो माइकमध्ये म्हणाला, "माझे चाहते सगळ्या जातींत आहेत." त्याने तिला दूर लोटलं आणि गंमत म्हणून पुन्हा हाळी दिली, "ओइपा." तिने पुन्हा खिसा हुंगला. गूळ मिळेना तशी तिने मान वर केली आणि रेकून चौक दणाणून सोडला.

तोवर लाल झगा फळीवर पोचला होता.

"सायेब," सेलिना म्हणाली. माइक तिच्याजवळ नव्हता, पण भट्टीपुढं उभं राहून ओरडायची सवय असलेल्या बाईला माइक कशाला. "तुमी माज्या बापाला इचारलं हुतं, सुनिल्दा कोन. वायेदुपारला. झुंबराखाली. त्यो लाजला. उत्तर ऱ्हायलं हुतं, ते द्यायला आलीया."

आरिस्तार्कोच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं. महापौर उठायला लागले. अकॉर्डियनवाल्याने का कोण जाणे, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि चाल धरली. सेलिना गायली. आवाज चिरका, पण सूर नेमका:

डावा कान तुझा मोडका गं,
शेपटीला गोखरूचे काटे,
दोन पिंपं अजून दारात,
मधली जागा रिकामी वाटे.
ओइपाऽ, सुनिल्दा, ओइपाऽ.

मग तिने कहाणी सांगितली. इकाकोचा पाणक्या, त्याची बायको काय म्हणाली, नदी, ट्रकचा भोंगा, राहिलेलं शेपूट. पारांद्यात सांगतात तशी, घाई न करता. कहाणी चालू असताना कुणी उठलं नाही. हजार माणसांना तो कायदा पाठ होता.

कहाणी संपली. लोक गाढवीच्या कपाळाकडे बघत होते, मग पुतळ्याच्या कपाळाकडे, मग पुन्हा गाढवीकडे. कॉफी विकणारी एक म्हातारी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझं ओझं घेतलंस सारं, नि एकदाही विचारलं नाही. अरे देवा, खरंच की." आणि ती हसायला लागली. मग जे हसू सुटलं ते देवळाच्या घंटेपर्यंत गेलं. सुनिल्दा नावाच्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. मी पाव सांडले.

"ही बाई खोटं बोलते," आरिस्तार्को म्हणत होता, "शिकवलेलं जनावर आहे, गाणं माझं–"

तेव्हा पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून बेतुलियाबाई उठल्या. त्यांनी पंखा मिटला. हसू आपोआप थांबलं.

"आरिस्तार्को, गाणं तुझं आहे ना?"

"माझंच. तुला ठाऊक आहे."

"मग तू ते या जनावरावर रचलंस. कान, शेपूट, ओझं, सगळं जुळतंय. आणि तेच नाव मला दिलंस. मी ते दुकानावर लावलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "नाहीतर गाणं तुझं नाही. तर सांग. मी गाढवी आहे की तू चोर आहेस? आज एक काहीतरी ठरव."

"बेतुलिया, घरी बोलू."

"घरी मला कुणी सुनिल्दा म्हणत नाही. तूसुद्धा नाही म्हणालास कधी. इथं म्हणतात."

माझ्या बाजूची एक सुनिल्दा एकदम रडायला लागली. आरिस्तार्कोने टोपी काढली, घातली. गाढवीने त्याचा खिसा पुन्हा हुंगला. शेवटी त्याचे ओठ हलले.

"काय?" सेलिना म्हणाली.

"गाणं प्लिनियोचं आहे."

"माइकात."

"गाणं प्लिनियोचं आहे," लाउडस्पीकर म्हणाले.

"आडनाव हुतं त्येला."

"प्लिनियो माएस्त्रेचं."

"कुठल्या?"

"इकाकोच्या प्लिनियो माएस्त्रेचं. मी ऐकलं, आणि नेलं." तो माइकपासून मागे सरला. मला वाटलं, झालं. महापौरांनाही वाटलं, ते सुटकेने रुमाल काढत होते.

पण सेलिना हलली नाही. "आनि शेपूट? ठिवून ग्येला हुतास आमच्याकडं. लई सांभाळलं. आता घिऊन जा."

त्याला कळलं. लोकांनाही कळलं, कारण कहाणीत तिने सांगितलंच होतं प्लिनियो शेवट कसा करायचा. मागून कुणीतरी टाळी धरली, "शे-पूट, शे-पूट." चौकाने ती उचलली. आरिस्तार्कोने बायकोकडे पाहिलं. बेतुलियाबाईंनी पंखा उघडला आणि वारा घेऊ लागल्या.

तो रेकला. टोपी छातीशी धरून, मान वर करून, डोळे मिटून रेकला. लोक हसायला तयार होते आणि हसलेही, पण मध्येच कुठेतरी हसू ओसरलं, कारण ते रेकणं फार लांबलं आणि शेवटी ते खालच्या सुरात उतरलं, कुणाला तरी अंधाऱ्या उतारावरून शोधत असल्यासारखं. गाढवीने उत्तर दिलं. सेलिना वळली, तिने तिच्या आयाळीत हात घातला आणि फळीवरून खाली उतरली.

आता पुतळ्याखाली प्लिनियो माएस्त्रेचं नाव आहे. चांदणी राहिली, जत्रेत कुणी ना कुणी पुतळ्याच्या डोक्याला गवताचे कान बांधतं, आणि पालिकेची माणसं दुसऱ्या दिवशी ते सोडतात. गाणं तीन कडव्यांचं झालं. आरिस्तार्को आता गात नाही. माझा नवरा मला जेवायला हाक मारताना 'ओइपा' म्हणतो. एकदा त्याला करपलेला पाव वाढला, तरी सुधारला नाही. बेतुलियाबाईंनी दुकानावरची पाटी पुसून स्वतःचं नाव लिहिलं. महिन्याभराने त्या बसने आल्या आणि सेलिनाच्या भट्टीपुढं उभ्या राहिल्या.

"मी त्याच्याशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण राग मला तुझाही आहे."

"आसू द्या की," सेलिना म्हणाली. "राग बरा ऱ्हातो. मिठात घातल्यावानी. पाव घ्या." आणि तिने त्यांना बिनकरपलेला दिला. एवढंच. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं. संत आंतोनियो तिने सरळ करून ठेवला होता, म्हणून विचारायचं धाडस झालं.

"कोमाद्रे, आता समाधान झालं?"

ती पीठ मळत राहिली.

"तुझा बाप असाच रेकायचा का?"

ती पिठावर मूठ आपटून म्हणाली, "न्हाई. माज्या बापापरीस त्यो चांगला रेकला." तिने उठून, पिठाच्या हातानेच, संताला पुन्हा उलटा टांगला. "ह्येबी म्या त्येला माफ करनार न्हाई."